सालार जंग तिसरे

नवाब मीर युसूफ अली खान, सालार जंग तिसरे (१३ जून १८८९, पुणे – २ मार्च १९४९, हैदराबाद) हे हैदराबाद संस्थानातील सरदार, संस्थानाचे दिवाण आणि कलावस्तूंचे संग्राहक होते. १९१२ ते १९१४ या काळात त्यांनी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे दिवाण म्हणून काम पाहिले. दिवाणपद सोडल्यानंतर त्यांनी उर्वरित आयुष्य आणि आपल्या जहागिरीच्या उत्पन्नाचा मोठा भाग कलावस्तू, हस्तलिखिते व ग्रंथ जमवण्यात खर्च केला. हैदराबाद येथील सालार जंग संग्रहालय मुख्यत्वे त्यांच्या संग्रहातून उभे राहिले. भारतीय, इस्लामी व युरोपीय वस्तूंबरोबरच चीन आणि जपान येथील कलेचा या संग्रहात लक्षणीय वाटा आहे. मराठवाड्यातील नांदेड, बिलोली, देगलूर हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे सालार जंग घराण्याचा इतिहास या प्रदेशाच्या प्रशासकीय इतिहासाशीही जोडलेला आहे.

घराणे व बालपण

सालार जंग घराण्याने हैदराबाद संस्थानाला अनेक दिवाण दिले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दिवाण असलेले मीर आलम हे या घराण्याच्या पूर्वजांपैकी होत. युसूफ अली खान यांचे आजोबा मीर तुराब अली खान, म्हणजेच सालार जंग पहिले, १८५३ पासून १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत दिवाण होते. त्यांनी संस्थानाची विस्कळीत वसुली ताळ्यावर आणली आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदी लागू केली. मराठवाड्यातील जिल्हा व तालुका या प्रशासनव्यवस्थेचा पाया त्यातून घातला गेला. वडील मीर लायक अली खान, सालार जंग दुसरे, हे १८८४ ते १८८७ या काळात दिवाण होते.

युसूफ अली खान यांचा जन्म पुण्यात झाला. जन्मानंतर अवघ्या महिनाभरातच त्यांच्या वडिलांचे निधन झाले. घराण्याचा एकमेव वारस अज्ञान असल्यामुळे जहागिरीचा कारभार संस्थानाच्या देखरेखीखाली गेला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी या मुलाच्या संगोपनाकडे लक्ष दिले आणि पुढे घराण्याचा 'सालार जंग' हा किताब त्यांना बहाल केला.

घराण्याचा वाडा 'दिवाण देवडी' या नावाने ओळखला जाई. तो जुन्या हैदराबाद शहरात, मुसी नदीच्या दक्षिणेस होता. या वाड्यात आरसेमहालाबरोबरच 'चिनीखाना' नावाचे एक दालन होते. त्याच्या भिंती चिनी मातीच्या बशा, पेले व तबके जडवून सजवलेल्या होत्या. एकोणिसाव्या शतकातील प्रसिद्ध छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी या दालनाचे छायाचित्र घेतले होते. चिनी वस्तू जमवण्याची परंपरा घराण्यात तिसऱ्या सालार जंगांच्या आधीपासून होती, हे यावरून दिसते.

दिवाणपद

ऑगस्ट १९११ मध्ये सहाव्या निजामांचे निधन झाले आणि मीर उस्मान अली खान गादीवर आले. त्यांनी १९१२ मध्ये महाराजा किशनप्रसाद यांच्या जागी सालार जंग तिसरे यांची दिवाणपदी नेमणूक केली. त्या वेळी त्यांचे वय २३ वर्षे होते. आजोबा तीस वर्षे ज्या पदावर राहिले, ते पद नातवाने सुमारे अडीच वर्षांतच, नोव्हेंबर १९१४ मध्ये, सोडले. त्यानंतर निजामांनी नवा दिवाण न नेमता १९१९ पर्यंत कारभार स्वतःच्या हाती ठेवला.

याच वर्षी, १९१४ मध्ये, संस्थानाने पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि गुलाम यझदानी यांच्याकडे त्याची सूत्रे दिली. अजिंठा व वेरूळच्या लेण्यांच्या जतनाचे काम या खात्याने हाती घेतले. म्हणजे संस्थानातील स्थावर वारशाच्या जतनाचे सरकारी काम आणि सालार जंग यांचा खासगी संग्रह यांची वाढ एकाच काळात झाली.

संग्रहाची वाढ

दिवाणपद सोडल्यानंतरची सुमारे पस्तीस वर्षे सालार जंग तिसरे यांनी संग्रहाला दिली. ते अविवाहित राहिले. त्यांनी युरोप व मध्यपूर्वेतील देशांचा प्रवास केला. परदेशातील दलालांमार्फत ते खरेदी करीत आणि वस्तू घेऊन येणारे व्यापारी दिवाण देवडीत येत असत. कवी व लेखकांनाही त्यांचा आश्रय होता.

आजोबांनी जमवलेल्या वस्तू हा या संग्रहाचा आरंभबिंदू होता. इटालियन शिल्पकार जिओव्हानी मारिया बेंझोनी याचे 'बुरख्यातील रिबेका' हे संगमरवरी शिल्प सालार जंग पहिले यांनी १८७६ मध्ये रोम येथे विकत घेतले होते. नातवाने या वारशाचा विस्तार केला. युरोपीय घड्याळे, फर्निचर, काचसामान व चित्रे. भारतीय लघुचित्रे, शस्त्रे, हस्तिदंती काम व वस्त्रे. मुघल काळातील जेड दगडाच्या वस्तू. अरबी, फार्सी व उर्दू हस्तलिखिते असे त्याचे स्वरूप आहे. तेराव्या शतकातील विख्यात सुलेखनकार याकूत अल-मुस्तासिमी याच्या हातचे मानले जाणारे कुराण हे या हस्तलिखितांपैकी विशेष प्रसिद्ध आहे.

हा संग्रह एका विषयापुरता मर्यादित नाही. मौल्यवान कलाकृतींबरोबर नित्य वापराच्या व केवळ कुतूहलाच्या वस्तूही त्यात आहेत. त्यामुळे तो एका सरदाराच्या आवडीनिवडीचे चित्र अधिक आणि एखाद्या शास्त्रशुद्ध आखणीचे फलित कमी आहे, असे म्हणता येते.

चिनी कला

संग्रहाच्या चिनी विभागात चिनी मातीची भांडी, जेडच्या वस्तू, लाखकाम, मीनाकाम, जडावाचे पडदे, रेशमी भरतकाम आणि तपकिरीच्या लहान कुप्या यांचा समावेश होतो. चिनी मातीच्या भांड्यांत फिकट हिरव्या झिलईची सेलाडॉन भांडी, मिंग (१३६८–१६४४) व छिंग (१६४४–१९११) राजवटींतील निळी-पांढरी भांडी आणि बहुरंगी नक्षीची भांडी आढळतात. सेलाडॉन भांड्यांना भारतात 'घोरी' असे नाव होते. विषारी अन्न ठेवताच ही भांडी तडकतात किंवा त्यांचा रंग बदलतो, अशी समजूत असल्याने राजघराण्यांत त्यांना मागणी असे. या समजुतीला शास्त्रीय आधार नाही.

चीनमध्ये सुलेखन आणि चित्रकला या एकाच कुंचल्याच्या दोन कला मानल्या जातात. दोन्हींसाठी कुंचला, शाई, शाई उगाळण्याची शिळा आणि कागद ही साधने समान आहेत. अभिजात चित्रावर कविता, चित्रकाराची सही आणि तांबडी मुद्रा असते; पुढील काळातील संग्राहकही त्यावर आपल्या मुद्रा उमटवीत. कागदावरची व रेशमावरची अशी चित्रे नाजूक असल्याने गुंडाळून ठेवली जात आणि क्वचितच उलगडली जात. याउलट भांडी समुद्रमार्गे मोठ्या संख्येने निर्यात होत. भारतातील जुन्या घराण्यांकडे चिनी कुंचल्याचे काम मुख्यतः भांड्यांच्या रूपाने पोहोचले.

भांड्यांवरील नक्षी आणि बुडाशी लिहिलेली अक्षरे हीदेखील कुंचल्याचीच कामे होत. छिंग काळातील शाही भांड्यांच्या बुडाशी बहुधा सहा अक्षरे असतात. ती वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचली जातात. त्यांत राजवंशाचे नाव, सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव आणि त्या काळी घडवल्याचा निर्देश असतो. मात्र नंतरच्या कारागिरांनी पूर्वजांविषयीच्या आदरापोटी, कधी फसवणुकीसाठीही, जुन्या कारकिर्दींची अक्षरे वापरली. त्यामुळे केवळ या लेखावरून भांड्याचा काळ ठरवता येत नाही. मातीचा पोत, झिलई आणि घडणही तपासावी लागते. निळ्या-पांढऱ्या भांड्यांसाठी लागणारा कोबाल्ट आरंभी इराणकडून चीनमध्ये जात असे आणि तयार भांडी इराण, अरबस्तान व भारताकडे परत येत. दख्खनमधील दरबारांत ही भांडी प्रतिष्ठेची मानली जात.

मृत्यू व संग्रहाचा प्रश्न

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच, २ मार्च १९४९ रोजी, सालार जंग तिसरे यांचे निधन झाले. त्यांना थेट वारस नव्हता. मालमत्तेवर दूरच्या नातेवाइकांनी हक्क सांगितला. १५ ऑगस्ट १९४९ रोजी संस्थानातील जहागिरी रद्द करण्याचा नियम लागू झाला आणि ज्या उत्पन्नावर संग्रह पोसला गेला होता तेही संपुष्टात आले. वाटणी झाली असती तर संग्रह विखुरला असता.

ही परिस्थिती टाळण्यासाठी सरकारने सालार जंग इस्टेटीच्या व्यवस्थेकरिता समिती नेमली. हैदराबादचे तत्कालीन मुख्यमंत्री एम. के. वेल्लोडी यांनी कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांना वस्तूंची मांडणी करण्यास पाचारण केले. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते दिवाण देवडीतच संग्रहालय खुले झाले. १९५८ मध्ये न्यायालयामार्फत तडजोड होऊन वारसांनी संग्रह भारत सरकारच्या स्वाधीन केला. १९६१ मध्ये संसदेच्या कायद्याने संग्रहालयाला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. १९६८ मध्ये ते मुसी नदीकाठच्या सध्याच्या वास्तूत हलवण्यात आले. पुढे मूळ इमारतीच्या दोन्ही बाजूंना विस्तार झाला. पश्चिमेकडील इमारतीला आजोबा मीर तुराब अली खान यांचे, तर पूर्वेकडील इमारतीला वडील मीर लायक अली खान यांचे नाव देण्यात आले. चीन व जपानच्या कलेची दालने पूर्वेकडील इमारतीत आहेत. दिवाण देवडीचा बहुतांश भाग कालौघात नष्ट झाला.

मराठवाड्याशी संबंध व मूल्यमापन

सालार जंग घराण्याची जहागीर तेलुगू, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषाप्रदेशांत पसरलेली होती. कन्नड भागातील कोप्पळ व यलबुर्गा, तसेच मराठवाड्यातील अजिंठा गाव व त्याचा परिसर तिच्यात मोडत असे. या गावांतील शेतसारा हा संग्रहाच्या खर्चाचा एक स्रोत होता. लंडन किंवा पॅरिसच्या बाजारात घेतलेल्या चिनी भांड्याची किंमत अंशतः दख्खनच्या कोरडवाहू शेतीतून आली होती. मात्र ज्यांच्या साऱ्यातून हा पैसा उभा राहिला, त्या रयतेला संग्राहकाच्या हयातीत तो संग्रह पाहण्याची सोय नव्हती.

सालार जंग तिसरे यांचे प्रशासक म्हणून कार्य अल्पकालीन राहिले. त्यांची ओळख संग्राहक म्हणूनच टिकली. त्यांच्या संग्रहाला सार्वजनिक रूप मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, जहागिरी संपल्यावर आणि कायद्याच्या आधारानेच प्राप्त झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. तरीही तेलंगणाच्या सीमेलगतच्या बिलोली, देगलूर या भागांतील लोकांसाठी हैदराबाद जवळचे महानगर राहिले आहे. एकेकाळी मोजक्या पाहुण्यांसाठीच खुला असलेला हा संग्रह आज त्यांच्यासह सर्वांना पाहता येतो.