कप्तान ते सार्जंट : जिमी स्पीअर्स

आपल्या होस्टेलवर फुटबॉलचे पंडित काही कमी नाहीत. कुठला खेळाडू किती कोटींना विकला गेला, सगळं तोंडपाठ! पण जिमी स्पीअर्सचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं. म्हणून मी हा लेख लिहायला घेतला.

जिमीचा जन्म १८८६ चा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. रेंजर्स आणि क्लाइड या तिथल्या क्लबांकडून तो खेळला. १९०८ मध्ये वेल्सविरुद्ध देशाकडून खेळायला मिळालं, तेही एकदाच. १९०९ मध्ये तो इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड सिटीत गेला.

तेव्हा प्रोफेशनल खेळाडू म्हणजे साधा पगारी माणूस. इंग्लंडमध्ये १९०१ पासून पगाराची कमाल मर्यादाच होती, आठवड्याला ४ पौंड! पुढे ती ५ झाली. १९१२ च्या शेवटी लीड्स सिटीने जिमीसाठी १४०० पौंड मोजले, पण ते क्लबच्या खात्यात गेले.

त्याआधी १९११ ची एफ. ए. कप फायनल झाली होती. समोर बलाढ्य न्यूकॅसल. पहिली मॅच ०-० अशी बरोबरीत सुटली. २६ एप्रिलला ओल्ड ट्रॅफर्डवर पुन्हा खेळवली, तेव्हा ब्रॅडफर्ड १-० ने जिंकलं. एकमेव गोल कोणाचा? कप्तान जिमीचा! गंमत म्हणजे नवाकोरा कप ब्रॅडफर्डच्याच फॅटोरिनी कंपनीने बनवला होता आणि तो पहिल्याच वर्षी गावात परत आला. ब्रॅडफर्डने एफ. ए. कप जिंकला तो तेवढाच.

मग महायुद्ध आलं. १९१५ चा सीझन संपला आणि मे महिन्यात जिमी कॅमरन हायलँडर्स पलटणीत भरती झाला. सक्तीची भरती आली १९१६ मध्ये. म्हणजे त्याच्यावर जबरदस्ती नव्हती. घरी बायको, दोन लहान मुलं. तरी गेला. लढाईतल्या शौर्याबद्दल त्याला मिलिटरी मेडल मिळालं, तो सार्जंट झाला. २० ऑगस्ट १९१७ रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळच्या लढाईत तो मारला गेला. वय अवघं ३१.

तिथल्या डॉची फार्म दफनभूमीत त्याची कबर आहे. त्याचं जाणं बरोबर की चूक, हे मला ठरवता येत नाही. देशासाठी गेला म्हणावं, तर घरच्या दोन पोरांचं काय? पण गोल मारणाऱ्याचं नाव कपाबरोबर राहतं आणि सार्जंटचं फक्त दगडावर, हे मात्र मनाला लागतं.