घर जवळ, वाट दूर

लग्न होऊन मी मुरबाडला आले तेव्हा माहेरच्या आठवणीने फार व्याकूळ होत असे. त्याच वर्षी २ जानेवारीला सासूबाईंनी मला सिद्धगडाच्या पायथ्याशी हुतात्मा स्मारकाला नेले. भाई कोतवालांची हकिकत मी तिथे प्रथम ऐकली आणि माझे रडणे मला थिटे वाटू लागले.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानचा. घर नाभिक समाजातले, परिस्थिती गरिबीची. मुंबईची मंडळी थंड हवेसाठी लांबून त्या डोंगरावर येत. हा मुलगा मात्र शिक्षणासाठी डोंगर उतरून पुण्याला गेला. पुढे ते वकील झाले. शहरात बस्तान बसवता आले असते, पण ओढ आपल्या माणसांची. ते परतले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, मुलांच्या शिक्षणासाठी झटले.

१९४२ च्या चळवळीत त्यांनी घर सोडले. साथीदारांचा आझाद दस्ता उभा करून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले. मग रान हेच घर झाले. सिद्धगडापासून माथेरान काही परमुलूख नव्हे. परंतु ज्याच्यामागे पोलीस लागले आहेत त्याला स्वतःचा उंबरा काशीहून दूर होतो.

२ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांनी सिद्धगडाच्या रानात दस्त्याला गाठले. गोळीबारात भाई आणि हिराजी गोमाजी पाटील हुतात्मा झाले. भाईंना तिशी नुकतीच पूर्ण झाली होती.

आम्हां बायकांना एक घर सोडून दुसरे आपलेसे करण्याची सवय असते. तरी माहेराला जायची वाट उघडी असते. सणावारी भाऊ न्यायला येतो. भाईंची ती वाटही बंद होती. आणि त्यांच्या घरी जे डोळे वाटेकडे लागले असतील, त्यांचे काय झाले असेल? स्मारकापुढे हात जोडताना माझ्या मनात दरवर्षी हाच विचार येतो.

येत्या २ जानेवारीला मंडळाच्या भगिनींनी शिदोरी बांधून सिद्धगडाला यावे आणि तिथल्या वाडीतल्या आयाबायांबरोबर बसून ती खावी. ज्या रानात भाईंनी अखेरचे दिवस काढले, तिथली माणसे आपल्याला परकी राहू नयेत, एवढीच माझी विनंती.