जगदीशचंद्रांचा डबा आणि सोलापूरचा मे

समजा, फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही गच्चीवर तापमान मोजणारा वायरलेस सेन्सर लावलाय. महिना मे, गाव सोलापूर. पारा चाळिशी कधीच ओलांडून गेलेला. स्वस्तातला प्लास्टिकचा डबा काही दिवसांत उन्हाने वाकडा होतो. मग तुम्ही आईच्या मांडणीवरून स्टीलचा डबा पळवता. डबा मस्त टिकतो, पण मोबाइलवर रीडिंग यायचं बंद! सेन्सर ठणठणीत असतो. लहर मात्र स्टीलच्या आत अडकलेली असते.

ऊन सोसेल आणि सिग्नलही जाऊ देईल, असा डबा कशाचा करायचा? त्यासाठी आधी कळायला हवं, की रेडिओ लहर कशातून जाते आणि कशापाशी अडते. सव्वाशे वर्षांपूर्वी कोलकात्यातले एक प्राध्यापक नेमकं हेच तपासत बसले होते. जगदीशचंद्र बोस. शाळेत आपण त्यांना ‘झाडांना संवेदना असतात’ एवढ्यावर सोडून देतो. त्याआधीचे बोस आज भेटूया.

जन्म 30 नोव्हेंबर 1858, मैमनसिंगचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. वडील सरकारी अधिकारी, तरी मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. पुढे कोलकात्याचं सेंट झेवियर्स, मग केंब्रिज. 1885 मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले आणि पहिलाच धक्का बसला. त्याच कामासाठी इंग्रज प्राध्यापकाला जास्त पगार, त्यांना कमी. बोस यांनी भांडण केलं नाही, राजीनामाही दिला नाही. ते रोज शिकवत राहिले, फक्त पगार घेतला नाही. एक-दोन महिने नव्हे, तब्बल तीन वर्षं! घरावर वडिलांचं कर्ज असताना. शेवटी सरकार नमलं आणि मागचा पगारही पूर्ण दिला.

पगार मिळाला, पण धड लॅब नव्हती. 1894 च्या सुमारास त्यांनी कॉलेजातल्याच एका छोट्याशा खोलीत काम सुरू केलं. पत्र्याचं काम करणाऱ्या स्थानिक कारागिराला हाताशी धरून उपकरणं बनवली. लहरी किती लांबीच्या? अवघ्या 5 मिलिमीटरपर्यंत! तुमच्या वाय-फायची लहर साधारण 12 सेंटिमीटरची असते, म्हणजे फरक लक्षात घ्या. 1895 मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडे लहर पाठवून घंटा वाजवली आणि दारू उडवून दाखवली.

आता मुद्द्याचा डबा. लहरी तयार करणाऱ्या यंत्रातून त्या इकडेतिकडे सुटायच्या आणि प्रयोग बिघडवायच्या. म्हणून बोस यांनी ते यंत्र धातूच्या दुहेरी डब्यात बंद केलं आणि लहरीला बाहेर पडायला फक्त एक नळी ठेवली. म्हणजे तुमच्या स्टीलच्या डब्याने जो घोळ केला, तो त्यांनी मुद्दाम घडवून कामाला लावला. स्प्रिंगचे रिसीव्हर बनवताना पोलादावर कोबाल्टचा मुलामा दिला. कोलकात्याच्या दमट हवेत उघडं पोलाद किती दिवस टिकणार?

मग त्यांनी मिळेल ती वस्तू लहरीच्या वाटेत ठेवून पाहिली. वीट आणि डांबर यांतून उजेड जात नाही, पण लहर गेली. पाण्यातून उजेड जातो, पण लहर अडली! रेल्वेच्या ‘ब्रॅडशॉ’ टाइमटेबलच्या पानांत टिनफॉइल घालून त्यांनी लहर गाळणारं साधन केलं. ज्यूटला डावा-उजवा पीळ देऊन त्यातून लहर वळवून पाहिली. सुताचा पीळ म्हणजे काय, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. 1897 मध्ये हेच सामान घेऊन ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान द्यायला उभे राहिले.

आता परत गच्चीवर या. सेन्सर थंड ठेवायला डब्याला ओलं पोतं गुंडाळायची आयडिया सुचली असेल, तर बोस यांचं पाणी आठवा. सिग्नल तिथेच कमजोर होईल. अॅल्युमिनियम फॉइल, चंदेरी धातूचा रंग, कार्बन मिसळलेलं काळं प्लास्टिक, हेही टाळा. फायबरग्लास, सिरॅमिक, टेफ्लॉन ही मंडळी उष्णता सोसतात आणि लहरीला वाट देतात. विमानाच्या नाकावर रडारसमोर असतं ते टोपणही याच कारणाने फायबरग्लाससारख्या मटेरियलचं करतात. त्यावर धातू नसलेला पांढरा रंग द्या. हवामान खात्याच्या पेटीसारख्या झडपा ठेवा, म्हणजे आतली गरम हवा बाहेर पडेल. धातूचाच डबा हवा असेल, तर बोस यांच्यासारखी वाट ठेवा: एका बाजूला सिरॅमिकची खिडकी, नाहीतर अँटेना डब्याबाहेर.

या शोधांवर पैसा कमवायची बोस यांना हौस नव्हती. मित्रमैत्रिणींच्या आग्रहाने घेतलेलं अमेरिकन पेटंट 1904 मध्ये मिळालं, पण त्याचा त्यांनी व्यापार केला नाही. पुढे ते वनस्पतींकडे वळले. 1917 मध्ये त्यांनी कोलकात्यात स्वतःची संशोधन संस्था उभारली. 23 नोव्हेंबर 1937 ला गिरिडीह इथे ते गेले. त्यांच्या लहरींच्या पट्ट्यात आज 5जी आणि वेगवान वायरलेसचं काम चालतं.

‘आमच्या कॉलेजात लॅबच नाही’ हे वाक्य आपण कँटीनमध्ये किती वेळा बोलतो! खरंही असतं ते. पण वीट, पाण्याची बाटली, जुनं टाइमटेबल आणि एक पत्रेवाला तर आपल्याही गावात आहे. या रविवारी सेन्सर सुरू करा, एकेक वस्तू त्याच्यापुढे धरा आणि सिग्नल किती पडतो ते वहीत लिहा. डबा कशाचा करायचा, ते त्या वहीतून कळेल.