गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

विद्या कोणतीही असो, ती एकट्या विद्यार्थ्याच्या श्रमाने साध्य होत नाही. शाळेतील विद्येपेक्षाही ही गोष्ट संगीताच्या बाबतीत अधिक खरी आहे. मुलाने गणित केले तर घरातील इतरांस त्याचा उपद्रव होत नाही. परंतु मूल जेव्हा पेटी, सतार किंवा पियानो शिकू लागते, तेव्हा त्याच्या चुकांसह ती विद्या साऱ्या घरास ऐकावी लागते. शिक्षकाची फी द्यावी लागते, शिकवणीस पोहोचविणे आणि आणणे करावे लागते, आणि वर्षानुवर्षे फळाची वाट पाहावी लागते. हा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न ज्या एका महाराष्ट्रीय गृहस्थाने आपल्या सबंध आयुष्याने सोडविण्याचा यत्न केला, त्यांचे चरित्र आमच्या बालवाचकांस व त्यांच्या आईबापांस बोधप्रद होईल असे वाटते.

विष्णु दिगंबर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. हे गाव कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमाजवळ असून त्या काळी एका लहानशा संस्थानाची राजधानी होते. त्यांचे वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. कीर्तनकाराच्या घरी सूर आणि ताल ही मुलांच्या कानांवर पाळण्यातच पडतात. तरी मुलास गवई करावे असा विचार त्या घरात कोणाच्या मनात आला नव्हता. त्या काळी गवयाच्या धंद्यास समाजात मान नसे. मुलाने शाळेत जावे, चार बुके शिकावी आणि संस्थानात एखादी नोकरी पाहावी, एवढीच सामान्य घराची अपेक्षा असे.

परंतु एका अपघाताने सारेच बदलले. दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम उडत असता त्यांच्या डोळ्यांस जबर इजा झाली व त्यांची दृष्टी कायमची अधू झाली. पुस्तकी शिक्षण तेथेच संपले. उपचारांसाठी त्यांस मिरजेस नेण्यात आले. डोळे पूर्ववत होण्यासारखे नाहीत, मात्र मुलाचा गळा चांगला आहे, हे जाणत्या मंडळींच्या ध्यानात आले, आणि त्यास गाणे शिकवावे असे ठरले. मिरज संस्थानच्या अधिपतींनी आश्रय दिला आणि विष्णूस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या हाती सोपविण्यात आले.

बाळकृष्णबुवा हे त्या वेळचे महाराष्ट्रातील थोर गवई होत. त्यांनी स्वतः तरुण वयात घरदार सोडून, वणवण करून, वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी ग्वाल्हेरची ख्यालगायकी मिळविली होती व ती महाराष्ट्रात आणली होती. जी विद्या इतक्या कष्टाने मिळाली, ती सहजासहजी वाटावी असे कोणास वाटणार? तेव्हाची रीत अशी होती, की शिष्याने गुरूच्या घरी राहावे, पाणी भरावे, तंबोरा जुळवावा, पडेल ते काम करावे, आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा शिकावे. फी म्हणून पैसा द्यावा लागत नसे; पण याचा अर्थ विद्या फुकट मिळे असा मात्र नव्हे. आईबापांनी मुलगाच देऊन टाकावा, हीच तिची किंमत होती. तो परत केव्हा येईल, काय शिकून येईल, आणि शिकला तरी पोट भरू शकेल की नाही, यांपैकी कशाचीही शाश्वती त्यांस नसे. दुसरी गोष्ट अशी, की शिष्य ठेवून घ्यावयाचा म्हणजे गुरूच्या घरीही एक तोंड वाढे. त्याचा भार गुरुपत्नीच्या चुलीवर पडे. गुरुशिष्यांच्या कथा आपण आदराने ऐकतो, पण त्या कथांत मागे राहिलेल्या आईचा आणि स्वयंपाकघरातल्या त्या माउलीचा उल्लेख क्वचितच असतो.

विष्णूने अनेक वर्षे मिरजेस राहून कसून मेहनत केली. डोळ्यांनी साथ सोडली होती, म्हणून सारा भरवसा कानांवर आणि स्मरणशक्तीवर होता. या तपश्चर्येतून एक तयारीचा गवई निर्माण झाला. तथापि त्याच वेळी एक शल्यही त्यांच्या मनात रुतले. असे सांगतात, की मिरजेतील एका समारंभास स्वतः विष्णु दिगंबरांस निमंत्रण आले, कारण त्यांच्यावर संस्थानाची मर्जी होती. परंतु त्यांच्या गुरूंस मात्र कोणी बोलाविले नाही. कारण विचारता गुरू हे केवळ गवई आहेत, असे उत्तर मिळाले. ज्या विद्येसाठी घरेच्या घरे झिजतात, त्या विद्येस ही अशी किंमत! १८९६ मध्ये त्यांनी मिरजेचा व राजाश्रयाचा त्याग केला. संगीतास प्रतिष्ठा मिळवून द्यावयाची आणि ते सामान्य घरांपर्यंत पोहोचवावयाचे, हा निश्चय करून ते बाहेर पडले.

पुढील काही वर्षे त्यांनी महाराष्ट्र, बडोदे, ग्वाल्हेर, मथुरा अशी भ्रमंती केली. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. आज आपणास यात नवल वाटणार नाही. पण तोवर उत्तम गाणे म्हणजे राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातील वस्तू होती. थोडे पैसे देऊन कोणाही गृहस्थाने बसावे व ऐकावे, ही गोष्ट नवीन होती. गायकाने धन्याच्या मर्जीवर जगण्याऐवजी श्रोत्यांच्या पैशांवर जगावे, यात त्यांस अधिक अब्रू दिसली.

५ मे १९०१ या दिवशी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. महाराष्ट्रातील एक अधू दृष्टीचा तरुण, ना भाषा आपली, ना माणसे आपली, अशा दूरच्या पंजाबात जाऊन गाण्याची शाळा उघडतो, याचे लोकांस आश्चर्य वाटले असल्यास नवल नाही. सुरुवातीचे काही दिवस तर एकही विद्यार्थी फिरकला नाही. तरी ठरल्या वेळी वर्ग उघडावयाचा, तंबोरा लावावयाचा आणि बसावयाचे, हा क्रम त्यांनी मोडला नाही. हळूहळू तेथील प्रतिष्ठित मंडळींचे लक्ष तिकडे गेले आणि विद्यार्थी येऊ लागले.

या शाळेत नवे काय होते ते नीट समजून घेतले पाहिजे. तेथे वेळापत्रक होते, ठरलेली फी होती, इयत्ता होत्या, परीक्षा होत्या. गाणे लिहून ठेवता यावे म्हणून पंडितजींनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली. 'संगीत बालप्रकाश', 'राग प्रवेश' यांसारखी क्रमिक पुस्तके त्यांनी लिहिली व 'संगीतामृत प्रवाह' हे मासिक चालविले. पाश्चात्य देशांत अशी व्यवस्था आधीच रूढ झाली होती. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजाने १८७७ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांच्याही संगीतपरीक्षा घेण्यास आरंभ केला होता, आणि पियानो शिकणारे मूल कोणत्या पायरीवर आहे हे त्याच्या आईबापांस कळू शकत होते. हिंदुस्थानी संगीताच्या बाबतीत ही सोय पंडितजींनी करून दिली. आता गाणे शिकण्यासाठी मुलास घर सोडण्याची गरज उरली नाही. दुकानदाराचा मुलगा दिवसा शाळेत जाऊन सायंकाळी तासभर गाणे शिकू शकत होता, आणि रात्री आपल्याच घरी जेवू शकत होता. आईबापांस द्यावयाचे काय व मिळावयाचे काय, हे दोन्ही स्पष्ट झाले.

काही जाणत्यांनी यास विरोधही केला. कागदावरून गाणे येत नाही, तासाच्या हिशेबाने कलावंत होत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य नव्हते असे नाही, आणि ते पंडितजींसही ठाऊक होते. म्हणून त्यांनी दोन प्रकारचे शिक्षण ठेवले. सामान्य घरच्या मुलांसाठी तासाचे वर्ग होते. परंतु ज्यांस पुढे शिक्षक व्हावयाचे होते, अशांसाठी त्यांनी उपदेशक वर्ग काढला. त्यातील मुले करार करून वर्षानुवर्षे त्यांच्याजवळच राहत. त्यांचे जेवणखाण, कपडालत्ता व शिक्षण विद्यालयाकडून होई. शिस्त कडक असे. व्यसनास थारा नसे. मिरजेचे विनायकराव पटवर्धन बालवयातच त्यांच्यापाशी लाहोरास गेले. कोल्हापूरचे नारायणराव व्यास, गुजरातेतील ओंकारनाथ ठाकूर, आणि पुढे महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात जाऊन राहिलेले नारायण मोरेश्वर खरे, हे सारे याच तालमीत तयार झाले. या मुलांपैकी बहुतेकांची घरे गरिबीची होती. त्यांच्या आईबापांनी पैसा दिला नाही, कारण तो त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी आपल्या लहान मुलाचा हात दुसऱ्याच्या हाती दिला.

मग या साऱ्या मुलांचा खर्च कोठून येई? येथेच या चरित्रातील कठीण भाग सुरू होतो. १९०८ मध्ये पंडितजींनी मुंबईस विद्यालय स्थापिले. कामाचा व्याप वाढला, स्वतःची इमारत उभी राहिली. परंतु ती कर्ज काढून उभी राहिली होती. कर्ज फेडण्यासाठी ते गावोगाव जलसे करीत हिंडत. फीचे उत्पन्न तुटपुंजे, मोफत शिकणाऱ्या मुलांची संख्या मोठी, आणि स्वतःच्या मिळकतीतून शिल्लक टाकण्याची वृत्ती नाही. अखेरीस कर्ज आवरेनासे झाले व ती इमारत धनकोंच्या हाती गेली. ज्याने शेकडो घरांवरील भार हलका केला, त्याच्या स्वतःच्या घरावर तो भार सर्व बाजूंनी येऊन पडला.

त्यांच्या पत्नी रमाबाई यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. पती सदैव प्रवासात, घरात परक्या मुलांचा राबता, आणि पोटची मुले एकामागून एक बालपणीच दगावलेली, असा त्यांचा संसार होता. दत्तात्रय हा एकच पुत्र वाचला. त्याचा जन्म १९२१ मधला. उत्तरायुष्यात पंडितजींचे मन भक्तिमार्गाकडे वळले. नाशिक येथे त्यांनी रामनाम आधाराश्रम स्थापिला व रामायणकथनात ते रंगून गेले. राष्ट्रसभेच्या अधिवेशनांत त्यांच्या कंठातून 'वंदे मातरम्' ऐकावयास मिळे. १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी आक्षेप घेतला असताही त्यांनी ते गीत पूर्ण केले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे, जेथे त्यांची विद्या सुरू झाली त्याच गावी, त्यांनी देह ठेवला. मागे द्रव्य असे काही नव्हते. दत्तात्रय तेव्हा दहा वर्षांचा होता.

परंतु त्यांनी जे पेरले होते ते याच वेळी उपयोगी आले. ज्या मुलांस पंडितजींनी आपल्या घरी वाढविले होते, त्यांनीच आता गुरुपुत्रास हाताशी धरले. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास या शिष्यांनी त्यास शिकविले आणि तोच पुढे द. वि. पलुसकर या नावाने हिंदुस्थानभर कीर्तिमान झाला. १९५५ मध्ये अवघ्या ३४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तरी त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही रसिकांच्या घरी वाजतात. पंडितजींच्या निधनाच्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या परीक्षांस आजही देशभरातून विद्यार्थी बसतात.

आमच्या पिंपरी-चिंचवड व चाकण या कारखान्यांच्या मुलखातील पालकांस या चरित्राचा विशेष विचार करण्यासारखा आहे. येथे कोणी तबला शिकतो, कोणी हार्मोनियम, तर कोणी पियानो. एखाद्या घरी वडील रात्रपाळी करून सकाळी निजलेले असतात, आणि त्याच वेळी मुलास रियाझ करावयाचा असतो. घर दोन खोल्यांचे, पलीकडे शेजाऱ्याची भिंत. शिकवणीचे ठिकाण दूर, आणि महामार्गावरील गर्दी सर्वांच्या परिचयाची. धाकट्या भावंडास मिळावयाची एखादी वस्तू थोरल्याच्या फीपायी राहून जाते. हे सारे लहान त्याग आहेत, आणि ते लहान आहेत म्हणूनच कोणी त्यांची नोंद ठेवीत नाही.

पालकांनी हे त्याग करावे की करू नये, हे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे. तथापि दोन गोष्टी पंडितजींच्या आयुष्यावरून स्पष्ट दिसतात. पहिली ही, की मुलास गाणे शिकवावयाचे ते सर्वांनी गवई व्हावे म्हणून नव्हे. तासाच्या वर्गांत आलेली बहुतेक मुले पुढे आपापल्या उद्योगास लागली. त्यांनी घराघरांत जाणते श्रोते निर्माण केले, आणि गवयास मान मिळू लागला तो अशाच घरांतून. म्हणून प्रमाणपत्र लवकर येत नाही म्हणून मुलावर रागावणे, किंवा शेजारच्या मुलाची परीक्षा पुढे गेली म्हणून आपल्या मुलास हिणविणे, हे व्यर्थ होय. दुसरी गोष्ट ही, की ज्याने आपणास शिकविले त्याच्या घराचाही विचार शिष्याच्या घराने केला पाहिजे. फी वेळेवर देणे ही केवळ देण्याघेण्याची बाब नसून त्या शिक्षकाची चूल पेटती ठेवण्याची बाब आहे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एवढेच सांगावयाचे आहे. रियाझास बसण्यापूर्वी दार हलकेच लावून घ्या, कारण आत कोणी थकून निजलेले असेल. नंतर मात्र जो अर्धा तास तुमच्यासाठी घराने काढून ठेवला आहे, त्यातील एक क्षणही वाया दवडू नका. तो अर्धा तास तुमच्या एकट्याचा नाही. त्यात साऱ्या घराचा वाटा आहे.