कोळसा, पोलाद आणि क्षमा : रॉबर्ट शुमन

मननासाठी : यशया 2:1-5



आज 9 मे. युरोपात आज युरोप दिन पाळतात. आजच्या उताऱ्यात यशया संदेष्टा सांगतो की एक दिवस लोक आपल्या तलवारी मोडून त्यांचे नांगराचे फाळ करतील. हे वचन आपण आगमनकाळात दरवर्षी ऐकतो आणि स्वर्गातली गोष्ट म्हणून सोडून देतो. पण एका कॅथलिक माणसाने हेच काम सरकारी कागदांवर करून दाखवलं. त्यांचं नाव रॉबर्ट शुमन.

शुमन यांचा जन्म 29 जून 1886 रोजी, म्हणजे संत पेत्र आणि संत पौल यांच्या सणादिवशी, लक्झेंबर्गमध्ये झाला. वडील लॉरेन प्रांतातले. 1870 च्या युद्धात ते फ्रान्सकडून लढले. युद्धानंतर तो प्रांत जर्मनीने घेतला आणि फ्रान्ससाठी लढलेला हा माणूस कागदोपत्री जर्मन झाला. त्यामुळे मुलगाही जन्माने जर्मन नागरिक. घर तेच, गाव तेच, पण सीमारेषा सरकली की माणसाचा देश बदलतो, हे शुमन यांना लहानपणापासून माहीत होतं.

रॉबर्ट एकुलते एक. वडील 1900 मध्ये वारले. आई अतिशय श्रद्धाळू. मुलाची भक्ती तिच्याच मांडीवर वाढली. 1911 मध्ये घोडागाडीच्या अपघातात तीही गेली. पंचविशीतल्या रॉबर्टला वाटलं, आता सगळं सोडून धर्मगुरू व्हावं. तेव्हा एका जिवलग मित्राने पत्र लिहून समजावलं की ख्रिस्तसभेला जगात राहून काम करणाऱ्या प्रापंचिकांचीही तितकीच गरज आहे. त्यांनी ते मानलं. 1912 मध्ये मेत्झ शहरात वकिली सुरू केली. लग्न मात्र शेवटपर्यंत केलं नाही.

पहिलं महायुद्ध संपलं, लॉरेन पुन्हा फ्रान्सकडे आला आणि 1919 मध्ये शुमन फ्रान्सच्या संसदेत निवडून गेले. मधला युद्धकाळ सोडला तर पुढची सुमारे चाळीस वर्षं ते तिथेच होते. भाषणाने सभा जिंकणारा हा माणूस नव्हे. जर्मन कायद्याखाली जगलेल्या आपल्या प्रांताचा फ्रेंच कायद्याशी मेळ घालणं, असलं किचकट काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. शक्य त्या दिवशी सकाळी मिस्सा, हातात रोझरी आणि मग टेबलावरच्या फायली. राहणी एकदम साधी.

त्यांच्या आयुष्यात एक डागही आहे, तो लपवायला नको. जुलै 1940 मध्ये फ्रान्स हरल्यावर मार्शल पेतँ यांना सर्वाधिकार देण्याच्या बाजूने ज्या शेकडो खासदारांनी मत दिलं, त्यांत शुमनही होते. युद्धानंतर या मतामुळे त्यांच्या राजकारणावर बंदी आली. ती 1945 मध्ये उठली.

पण त्याआधीच मोठी परीक्षा झाली होती. सप्टेंबर 1940 मध्ये गेस्टापोने त्यांना मेत्झमध्ये अटक केली. सात महिने तुरुंग, नंतर जर्मनीतल्या नॉयष्टाट गावी नजरकैद. ऑगस्ट 1942 मध्ये ते तिथून निसटले आणि युद्ध संपेपर्यंत मठांमध्ये आणि ओळखीच्या लोकांकडे लपून राहिले.

अशा माणसाच्या हाती पुढे सत्ता आली. 1946 मध्ये अर्थमंत्री, 1947 मध्ये पंतप्रधान, 1948 पासून परराष्ट्रमंत्री. हरलेला जर्मनी समोर होता. सत्तर वर्षांत तीन युद्धं झालेली, त्यामुळे जर्मनीला कायमचं दाबून ठेवा असं म्हणणारे पुष्कळ होते. बदला घ्यायचा असता तर कारण होतं, संधीही होती.

शुमन यांनी वेगळी वाट धरली. 9 मे 1950 रोजी पॅरिसमध्ये त्यांनी जाहीर केलं की फ्रान्स आणि जर्मनी यांचं कोळसा आणि पोलादाचं सगळं उत्पादन एका सामायिक संस्थेच्या हाती द्यावं, आणि इतर देशांनाही त्यात येता यावं. मसुदा जाँ मोने यांचा होता, पण त्याची राजकीय जबाबदारी शुमन यांनी अंगावर घेतली. त्याच दिवशी सकाळी जर्मनीचे चॅन्सलर कोनराड आडेनाउअर यांना पत्र पाठवून त्यांचा होकार मिळवला होता.

मी इंजिनिअर आहे, म्हणून मला यातली रचना फार भावते. त्या काळी तोफा आणि रणगाडे पोलादाचे, आणि पोलादाच्या भट्ट्या कोळशावर. या दोन वस्तू सामायिक केल्या की एकाला गुपचूप युद्धाची तयारी करताच येत नाही. माणसं एका रात्रीत चांगली होतील असं शुमन यांनी धरलं नाही. क्षमा टिकावी म्हणून त्यांनी तिच्याभोवती नियम, करार आणि कचेरी उभी केली.

18 एप्रिल 1951 रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी करारावर सह्या केल्या. आजचा युरोपीय संघ त्यातूनच वाढला. तेव्हापासून फ्रान्स आणि जर्मनी एकमेकांशी लढलेले नाहीत.

4 सप्टेंबर 1963 रोजी मेत्झजवळच्या सी-शाझेल गावी शुमन देवाघरी गेले. घरासमोरच्याच जुन्या चर्चमध्ये त्यांची कबर आहे. 19 जून 2021 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांचे सद्गुण मान्य करून त्यांना व्हेनरेबल, म्हणजे आदरणीय, घोषित केलं.

आपण प्रभूची प्रार्थना म्हणताना रोज क्षमेची ओळ म्हणतो. पण भावाशी बांधावरून वाद असेल, किंवा ऑफिसात कुणी दुखावलं असेल, तर "मी मनातून माफ केलंय" एवढ्यावर आपण थांबतो. त्या माणसाबरोबर पुन्हा एक काम, एक हिशेब, एक जबाबदारी वाटून घ्यायची तयारी आहे का? आज त्यातला एकच माणूस डोळ्यांसमोर आणूया, आणि त्याच्याबरोबर काय वाटून घेता येईल ते ठरवूया.

प्रार्थना : हे प्रभू येशू, ज्यांनी आम्हांला दुखावलं त्यांच्याकडे पहिलं पाऊल टाकण्याचं बळ दे. आमच्या टेबलावरचं रोजचं साधं कामही तुझ्या शांतीचं साधन होऊ दे. आमेन.