चित्रे काढणारा शास्त्रज्ञ

मानसशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर मज्जापेशी काढली आणि जाता जाता सान्तियागो रामोन इ काहाल हे नाव घेतले. ग्रंथालयात त्यांची माहिती वाचली, तेव्हा आमच्या घरचीच गोष्ट वाचतो आहे असे वाटले. वहीच्या मागे चित्रे काढल्याबद्दल मीही वडिलांचा मार खाल्ला आहे.

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधील पेतिया दे आरागोन या खेड्यात झाला. वडील गरिबीतून स्वकष्टाने डॉक्टर झालेले. चित्रांनी पोट भरत नाही, हे त्यांचे ठाम मत. मुलगा शाळेत रमेना, तेव्हा त्यांनी त्याला कधी न्हाव्याकडे, तर कधी मोच्याकडे कामाला ठेवले. पुढे त्याला शरीररचना शिकवण्यासाठी बापलेकांनी जुन्या दफनभूमीतली हाडे गोळा केली. ती हाडे रेखाटताना बापाची विद्या आणि मुलाचा हात प्रथमच एकत्र आले.

१८७३ साली ते वैद्यकीय पदवीधर झाले. लष्करी डॉक्टर म्हणून क्यूबाला गेले आणि मलेरियाने खंगून परतले. मग साठवलेल्या पैशांतून त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्र घेतले. इटलीच्या गोल्जी यांनी शोधलेली चांदीच्या क्षाराची रंगपद्धती त्यांनी १८८७ साली पाहिली. तिच्यात मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण फांद्यांसकट उमटतात. सगळे मज्जातंतू एका जाळ्यात जोडलेले आहेत, असे गोल्जी मानत. काहाल यांनी पक्ष्यांचा लहान मेंदू तपासून १८८८ साली दाखवले, की प्रत्येक पेशी स्वतंत्र असते. शेजारणीला खेटते, पण तिच्यात मिसळत नाही. स्पॅनिश लेख कोण वाचणार? म्हणून १८८९ साली त्यांनी बर्लिनला जाऊन आपले नमुने विद्वानांना प्रत्यक्ष दाखवले.

मासा, बेडूक, पक्षी, माणूस अशा अनेकांच्या मज्जासंस्था त्यांनी रेखाटल्या. १९१५ साली सांचेझ या सहकाऱ्यासोबत कीटकांचे डोळे अभ्यासले. एवढ्याशा जीवातली ती गुंतागुंत पाहून ते थक्क झाले. मेंदूचा गर्व माणसाने एकट्याने करू नये, हे मला तेथे कळले.

१९०६ चे नोबेल पारितोषिक काहाल आणि गोल्जी यांना विभागून मिळाले. त्या व्यासपीठावरही गोल्जींनी जाळ्याचाच पक्ष मांडला. १९५० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशींमधली फट दाखवली आणि काहाल खरे ठरले. मात्र २०२३ साली समुद्रातल्या कंगवा-जेली या प्राण्यात एकमेकींत मिसळलेल्या मज्जापेशींचे जाळे सापडले. निसर्गाने एकच वाट धरलेली नाही!

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी काहाल वारले. त्यांची चित्रे आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात. त्यातले एक मी पेन्सिलीने उतरवून वडिलांना दाखवले. त्यांना अक्षरओळख नाही. बराच वेळ पाहून त्यांनी हे कोणते झाड, असे विचारले. आपल्या डोक्यातले, असे मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण कागद त्यांनी परत दिला नाही, घडी करून खिशात ठेवला.