संत कॅथरीनच्या हातातली तलवार कोणाची?

आजचं मनन: पेत्राचं पहिलं पत्र, अध्याय ३, वचनं १५ आणि १६



आज २५ नोव्हेंबर, अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचा सण. यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या चर्चमध्ये मी वाढलो तिथे संतांची चित्रं नव्हती, समोर फक्त साधा क्रूस. तुमच्यापैकी अनेकांचं असंच असेल. त्यामुळे संतांच्या जुन्या चित्रात नेमकं काय बघायचं, ते आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. पण त्या चित्रांना स्वतःची एक भाषा आहे. आज कॅथरीनच्या निमित्ताने ती थोडी वाचून बघू.

आधी तिचं आयुष्य. परंपरा सांगते की ती इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातल्या मोठ्या घराण्यातली, खूप शिकलेली मुलगी होती. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू होता. जेमतेम अठरा वर्षांची कॅथरीन थेट सम्राटासमोर गेली आणि हा छळ चुकीचा आहे असं तिने तोंडावर सांगितलं. सम्राटाला उत्तर देता येईना. त्याने पन्नास विद्वान बोलावले, या मुलीला वादात हरवा म्हणून. झालं उलटंच. तिचं ऐकून त्या विद्वानांनीच विश्वास धरला आणि त्यासाठी ते जाळले गेले. तुरुंगात तिला भेटायला आलेली सम्राज्ञीही विश्वासात आली. मग सम्राटाने कॅथरीनसाठी खिळे लावलेलं चाक तयार करवलं. ते चाक तुटलं. शेवटी तलवारीने तिचा शिरच्छेद झाला.

इथे एक गोष्ट सरळ सांगतो, कारण ती लपवून विश्वास वाढत नाही. तिच्या काळातला कोणताही लेखी पुरावा उपलब्ध नाही. कथा काही शतकांनंतर लिहिली गेली. त्यामुळेच १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने तिचा सण सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढला होता आणि २००२ मध्ये ऐच्छिक म्हणून परत घेतला. पण शेकडो वर्षं विश्वासणाऱ्यांनी या कथेतून काय शिकून घेतलं, ते खरं आहे आणि आपल्या कामाचं आहे.

आता चित्रं. युरोपातल्या प्रबोधनकाळात, म्हणजे रेनेसाँच्या काळात, बहुतेक भाविकांना वाचता येत नव्हतं. म्हणून चित्रकार खुणा वापरायचे. पुस्तक म्हणजे कॅथरीनची विद्या. मुकुट म्हणजे तिचं घराणं. अंगठी म्हणजे तिने ख्रिस्ताशी जोडलेलं नातं. खजुरीची झावळी म्हणजे हुतात्म्याचा विजय. आणि चाक व तलवार? ती तिची शस्त्रं नव्हेत. ज्यांनी तिला छळलं आणि मारलं, ती ही साधनं.

हे नीट लक्षात घ्या. लढवय्याच्या हातातली तलवार त्याने काय केलं ते सांगते. कॅथरीनच्या हातातली तलवार तिने काय सोसलं ते सांगते. आपल्या क्रूसाचंही तेच नाही का? देहदंडाचं साधन आपण गळ्यात घालतो, कारण आपल्या प्रभूने त्यावर प्राण दिला. दुसऱ्या कोणाला त्यावर चढवलं नाही.

राफाएलने साधारण १५०७ मध्ये काढलेली कॅथरीन लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात तलवार नाही, मुकुट नाही, फक्त चाक आहे. आणि ती त्या चाकावर डावा हात टेकून, उजवा हात छातीशी धरून, वर आकाशातल्या प्रकाशाकडे बघते आहे. जे तिला चिरडायला आणलं होतं, त्याचाच तिने आधार घेतलाय. चेहऱ्यावर ना राग, ना कोणाला हरवल्याचा आनंद.

हे चित्र झालं आणि अवघ्या काही वर्षांत कॅथरीनचं नाव आपल्याकडे पोहोचलं. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्सो द आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा जिंकलं आणि शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली. तो दिवस कॅथरीनच्या सणाचा, म्हणून विजयाची आठवण म्हणून तिच्या नावाने चॅपल बांधलं गेलं. पुढे १५६२ मध्ये काम सुरू झालेलं जुन्या गोव्याचं से कॅथेड्रलही तिलाच अर्पण झालं. तिथल्या सोनेरी मुलाम्याच्या मुख्य वेदीवर तिच्या आयुष्यातले आणि हौतात्म्याचे प्रसंग आहेत. वेदी अप्रतिम आहे. पण मला ती बघताना टोचतंच: जिने कधी तलवार उचलली नाही, तिचं नाव तलवारीच्या विजयाला दिलं गेलं. तिची खूण उलटी वाचली गेली.

मित्रांनो, हा धोका १५१० मध्ये संपला नाही. यवतमाळमध्ये १९५३ ते १९८३ युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, त्यामुळे विश्वासाबद्दल उत्तर द्यायला तयार असावं हे आमच्याकडे नवीन नाही. पण पेत्र तिथेच थांबत नाही. ते उत्तर सौम्यतेने आणि समोरच्याचा मान राखून द्यावं, असंही तो सांगतो. आणि तो हे छळ सोसणाऱ्या लोकांना लिहितो आहे. आज आपल्या हातात मोबाईल आहे. कमेंटमध्ये कोणी येशूची टिंगल केली की स्क्रीनशॉट काढायचा, चार जणांना टॅग करायचं, समोरच्याला गप्प करायचं. वाद जिंकला जातो, माणूस हरवतो. कॅथरीनच्या कथेतले पन्नास विद्वान गप्प झाले म्हणून लक्षात राहिले नाहीत. ते भाऊ झाले म्हणून राहिले.

आज एक करा. ज्याला उत्तर द्यायचं राहिलंय, त्याला पाठवण्याआधी मेसेज पुन्हा वाचा आणि स्वतःला विचारा: ही तलवार मी सोसतोय की चालवतोय?

प्रार्थना: प्रभू येशू, आम्हाला उत्तर दे, आणि ते देण्यासाठी तुझं सौम्य मन दे. जे आम्हाला दुखवतात त्यांना जिंकण्याआधी त्यांच्यावर प्रीती करायला शिकव. आमेन.